गेन, ट्रिम, फेडर, लेव्हल: साउंडच्या शब्दांची वाट

प्रश्न असा आहे: नवा मिक्सर आणि ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) घेतला, पण गेन, ट्रिम, फेडर, लेव्हल, मास्टर हे सगळे आवाज कमी-जास्तच करतात असं वाटतं, मग इतकी वेगळी नावं कशाला? त्याशिवाय फँटम, बॅलन्स्ड, प्री-पोस्ट, थ्रेशोल्ड, लेटन्सी, डीबीएफएस हे शब्दही नीट समजून घ्यायचे आहेत. रेकॉर्डिंग आणि लाइव्ह, दोन्हीकडे बरीच वर्षं काम केल्यावर मी एवढं सांगेन की हे शब्द यादीसारखे पाठ करू नका. सिग्नल माइकपासून स्पीकरपर्यंत ज्या वाटेनं जातो, त्या वाटेवर प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली आहे. जागा कळली की अर्थ लक्षात राहतो, आणि आवाज बिघडला तर कुठे हात घालायचा तेही कळतं. म्हणून त्याच क्रमानं जाऊ.

सुरुवात माइकपासून. डायनॅमिक माइकमध्ये पातळ पडद्याला जोडलेलं तारेचं वेटोळं चुंबकाच्या क्षेत्रात हलतं आणि त्यातून वीज तयार होते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही, मोठा आवाज तो सहज पेलतो, आदळआपटही सोसतो. कंडेन्सरमध्ये पडदा आणि त्याच्यामागची स्थिर पट्टी यांच्यातलं अंतर आवाजानं बदलत राहतं. त्यात बारीक तपशील आणि वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त स्वच्छ येतात, पण आतल्या सर्किटला वीज लागते. रिबन माइकमध्ये पडद्याऐवजी धातूची अतिशय पातळ फीत असते. आवाज मऊ, पण फीत नाजूक.

माइक कुठल्या दिशेचं किती ऐकतो, याला पोलर पॅटर्न म्हणतात. ओम्नी सगळीकडून सारखं ऐकतो. फिगर-एट पुढून आणि मागून ऐकतो, दोन्ही बाजूंना बहिरा असतो. कार्डिऑइड समोरून सर्वांत जास्त ऐकतो आणि बरोबर मागून, म्हणजे १८० अंशांवर, सर्वांत कमी. सुपरकार्डिऑइड समोर आणखी अरुंद असतो, पण त्याला मागून थोडं ऐकू येतं. तो सर्वांत बहिरा असतो साधारण १२५ अंशांवर. स्टेजवर याचा थेट उपयोग आहे. गायक कार्डिऑइड वापरत असेल तर त्याचा मॉनिटर, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या बरोबर मागे ठेवा. सुपरकार्डिऑइड असेल तर तोच स्पीकर मधून सरकवून थोडा तिरका, डावीकडे किंवा उजवीकडे न्या. नुसत्या या बदलानं शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरल्यानं येणारी) थांबल्याचं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे, तेही इक्वलायझरला, म्हणजे निवडक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या बटणांना, हात न लावता.

गायक माइकची जाळी मुठीत धरतो तेव्हा काय होतं, हेही इथेच सांगतो. कार्डिऑइडची दिशा ठरते ती कॅप्सूलच्या मागच्या छिद्रांमधून आत येणाऱ्या आवाजामुळे. मूठ ती छिद्रं झाकते, माइक जवळजवळ ओम्नीसारखा वागू लागतो आणि मॉनिटर ओरडायला लागतो. म्हणून साउंड चेकच्या वेळी गायकाला दांडा धरायला सांगणं हे साउंडवाल्याचं कामच आहे. आणि दिशा असलेल्या माइकजवळ तोंड नेलं की खालच्या फ्रिक्वेन्सी फुगतात, तो प्रॉक्सिमिटी इफेक्ट. ओम्नीला तो होत नाही.

कंडेन्सरला लागणारी वीज ज्या मार्गानं जाते ती फँटम पॉवर. मिक्सरवर ४८ व्होल्ट लिहिलेलं बटण तेच. हे ४८ व्होल्ट डीसी माइकच्या त्याच केबलमधून, २ आणि ३ या दोन्ही पिनांवर सारखेच चढवलेले असतात आणि पिन १ वरून परत येतात. दोन्ही पिनांमध्ये आपापसात फरक नसल्यामुळे डायनॅमिक माइकच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतच नाही, म्हणून फँटम चालू राहिलं तरी त्याला धोका नसतो. ४८ हा आकडा १९६६ सालचा आहे. नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी न्यूमन या जर्मन कंपनीनं माइक बनवले, आणि तिथल्या स्टुडिओंमध्ये आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता. काळजी दोन ठिकाणी घ्या. जुना रिबन माइक असेल आणि केबलची एखादी तार सदोष असेल, तर फीत जाऊ शकते. आणि फँटम चालू-बंद करताना किंवा फँटम चालू असताना केबल लावताना-काढताना चॅनल म्यूट ठेवा, नाहीतर स्पीकरमधून जो धडाका निघतो त्यानं ट्वीटर, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सींचा छोटा स्पीकर, आणि लोकांचे कान दोन्ही दुखावतात.

आता केबल. बॅलन्स्ड केबलमध्ये शील्डच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या आवरणाच्या, आत दोन तारा असतात. दोन्हींवर एकच सिग्नल, पण एकीवर सुलटा आणि दुसरीवर उलटा. पुढचं यंत्र या दोघांमधला फरक घेतं. वाटेत विजेच्या तारांची गुणगुण किंवा रेडिओचा त्रास शिरला तर तो दोन्ही तारांवर सारखाच शिरतो, आणि फरक घेताना नाहीसा होतो. म्हणूनच माइकचा क्षीण सिग्नल ५० मीटर लांब नेला तरी स्वच्छ राहतो. एक्सएलआरच्या, म्हणजे माइकच्या नेहमीच्या गोल प्लगच्या, तीन पिनांपैकी १ शील्ड, २ सुलटी, ३ उलटी. गिटारच्या साध्या जॅकला, म्हणजे टीएसला, दोनच संपर्क असतात. तो अनबॅलन्स्ड, पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नये.

टीआरएस जॅकला तीन संपर्क असतात, आणि इथे नवीन माणूस हमखास अडकतो. हाच जॅक तीन निरनिराळ्या कामांना वापरतात: बॅलन्स्ड मोनो, हेडफोनचा स्टिरिओ, आणि इन्सर्ट, ज्यात एका संपर्कानं सिग्नल बाहेर जातो आणि दुसऱ्यानं परत येतो. दिसायला तिन्ही सारखे. समजा तुम्ही मोबाइलचं स्टिरिओ आउटपुट टीआरएसनं मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातलं. मिक्सर फरक घेणार, म्हणजे डाव्यातून उजवं वजा करणार. गाण्यात जे दोन्ही बाजूंना सारखं आहे, म्हणजे मुख्य गायक, बेस, किक ड्रम, ते वजा होऊन गायब. उरतो फक्त रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागची घुमणारी गुंज, आणि बाजूची वाद्यं, पातळ आणि पोकळ. ‘ट्रॅकमधला गायक ऐकू येत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी ही केबल बघतो. डावं-उजवं दोन वेगळ्या चॅनलमध्ये नेणारी केबल लावली की काम झालं.

डीआय बॉक्सही याच वळणावर भेटतो. साध्या पिकअपच्या गिटारचा किंवा बेसचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, जास्त असतो आणि त्याला पुढे सुमारे १० लाख ओहमचं इनपुट लागतं. माइकचं इनपुट असतं दीड-दोन हजार ओहमच्या आसपास. गिटार त्यात सरळ घातली तर वरच्या फ्रिक्वेन्सी मारल्या जातात, आवाज दबका होतो. डीआय मध्ये बसून तो सिग्नल कमी इम्पीडन्सचा आणि बॅलन्स्ड करून देतो. इंटरफेसवर हाय-झी किंवा इन्स्ट्रुमेंट लिहिलेलं बटण हेच काम आतल्या आत करतं. डीआयवरच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणानं पिन १ तुटते आणि ग्राउंड लूपची हम, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर, बऱ्याचदा जाते. पण हम घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडणं किंवा तिच्यावर टेप लावणं हा प्रकार कुणी सुचवला तर त्याला तिथेच थांबवा. गिटारच्या तारांना हात आणि माइकला ओठ लागलेले असताना अर्थिंग नसलेलं एखादं सदोष यंत्र माणसाचा जीव घेऊ शकतं. सिग्नलची ग्राउंड तोडता येते, विजेची कधीही नाही.

पुढच्या सगळ्या शब्दांचा पाया म्हणजे लेव्हल. माइक लेव्हल काही मिलीव्होल्टची असते. लाइन लेव्हल दोन प्रकारची: व्यावसायिक यंत्रांची +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट, आणि घरगुती यंत्रांची −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. या दोघांत सुमारे १२ डीबीचा फरक आहे, म्हणून घरगुती प्लेयर व्यावसायिक मिक्सरला लावला की आवाज बारीक वाटतो. काहीही बिघडलेलं नसतं. इन्स्ट्रुमेंट लेव्हल माइक आणि लाइन यांच्या मध्ये कुठेतरी. स्पीकर लेव्हल म्हणजे अँप्लिफायरमधून निघणारे दहा-वीस किंवा त्याहून जास्त व्होल्ट, आणि तो सिग्नल मिक्सरमध्ये कधीच घालायचा नसतो.

डीबी हे मीटर किंवा किलोसारखं माप नाही, ते गुणोत्तर आहे. कशाच्या तुलनेत, हे शेपटावरून कळतं. डीबीयूचं शून्य ०.७७५ व्होल्टवर, डीबीव्हीचं १ व्होल्टवर. डीबी एसपीएल हवेतल्या दाबाचं, त्याचं शून्य २० मायक्रोपास्कल, म्हणजे साधारण ऐकू येण्याची सीमा. डीबीएफएस डिजिटलचं, त्याचं शून्य म्हणजे सर्वांत वरची मर्यादा, म्हणून त्यातले आकडे उणे असतात. ‘मीटरवर शून्य दिसतंय, ठीक आहे ना?’ या प्रश्नाचं उत्तर कोणतं शून्य यावर आहे. अ‍ॅनालॉग मिक्सरच्या मीटरवर शून्य ही निवांत काम करण्याची जागा, त्याच्या वर अजून १५-२० डीबी मोकळे असतात. डिजिटलच्या शून्याच्या वर काहीही नाही.

तीन आकडे मात्र पाठच करा. व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डीबी. पॉवर दुप्पट झाली की ३ डीबी. आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे पॉवर दहापट. ५०० वॉटच्या अँप्लिफायरऐवजी १,००० वॉटचा आणला, तर मिळतात ३ डीबी: फरक कळेल, पण आवाज दुप्पट अजिबात होणार नाही. नुसत्या वॉटवर पैसे खर्च करण्याआधी हे ध्यानात असू द्या.

आता मूळ प्रश्न. गेन हा प्रीअँपचा, म्हणजे क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या सर्किटचा. तो वाटेच्या अगदी तोंडाशी बसून माइकचे मिलीव्होल्ट कामाच्या लेव्हलला आणतो. फेडर बसतो चॅनलच्या शेवटी आणि मिक्समध्ये त्या चॅनलचा वाटा किती ते ठरवतो. दोघांच्या मध्ये इक्वलायझर, कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा), इन्सर्ट. मास्टर या सगळ्या बेरजेनंतर. व्हॉल्यूम हा शब्द मी फक्त शेवटच्या टोकाला, हेडफोनच्या किंवा स्पीकरच्या बटणाला वापरतो. ट्रिम कधी गेनचंच दुसरं नाव असतं, आणि डिजिटल मिक्सरवर बहुतेक वेळा कन्व्हर्टरनंतरची, म्हणजे सिग्नलचे आकडे झाल्यानंतरची, बारीक दुरुस्ती.

हे प्रत्यक्ष कसं करायचं ते बघा. गायिका माइकसमोर उभी आहे. फेडर खाली. तिच्या चॅनलचं पीएफएल दाबा, म्हणजे फेडरच्या आधीची लेव्हल मीटरवर आणि हेडफोनमध्ये येईल. ‘वन टू थ्री’ म्हणायला सांगू नका, गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीनं गायला सांगा. सरासरी −१८ डीबीएफएसच्या आसपास आणि शिखरं −१० च्या थोडी खाली राहतील इतका गेन ठेवा. कार्यक्रमात ती साउंड चेकपेक्षा मोठ्यानं गाणार हे धरूनच चला. वरची मोकळी जागा त्यासाठीच असते आणि तिलाच हेडरूम म्हणतात. मग फेडर ० वर, म्हणजे युनिटीवर न्या, जिथे तो काही वाढवत नाही आणि घटवतही नाही. आता मुख्य स्पीकरमध्ये आवाज जास्त वाटला तर फेडर किंवा मास्टर खाली घ्या, गेन नाही.

गेन कमी ठेवून फेडर पूर्ण वर ढकलला, तर मिक्सरची स्वतःची सळसळ, म्हणजे नॉइज फ्लोअर, आवाजाबरोबर वर येते. गेन जास्त ठेवून फेडर खाली घेतला, तर सिग्नल प्रीअँपमध्येच क्लिप झालेला असतो: लाटेचे शेंडे छाटले गेले, आवाज फाटला. मग फेडर कितीही खाली घ्या, फाटलेला आवाजच हळू ऐकू येणार. नॉइज फ्लोअर ते क्लिपिंग या दोन सीमांमधलं अंतर म्हणजे डायनॅमिक रेंज, आणि प्रत्येक टप्प्यावर सिग्नल या दोन्हींपासून लांब ठेवणं म्हणजे गेन स्टेजिंग. फेडर शून्याच्या जवळ ठेवण्याचं आणखी एक कारण त्याच्या पट्टीवरच दिसतं. शून्याजवळ बोटभर हालचालीत काही डीबीच बदलतात, पण तळाशी तेवढ्याच हालचालीत २०-३० डीबी निघून जातात. तिथे बारीक मिक्सिंग होऊच शकत नाही.

आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर गेनला हात लावू नका, लावावाच लागला तर अगदी थोडा. गेन बदलला की त्याच्या पुढचं सगळं बदलतं: गायिकेच्या मॉनिटरमधला आवाज, कॉम्प्रेसरचं वागणं, चालू असलेलं रेकॉर्डिंग.

गेनच्या शेजारी तीन लहान बटणं असतात. पॅड सिग्नल १० किंवा २० डीबीनं उतरवतो. जवळून माइक लावलेल्या ढोलकासाठी किंवा ट्रंपेटसाठी. लो-कट किंवा हाय-पास फिल्टर ८०-१०० हर्ट्झच्या खालचं काढतो: स्टेजचा दणदणाट, वारा, माइक हाताळल्याची धडधड. गाण्याच्या माइकवर मी तो जवळजवळ नेहमीच लावतो. तिसरं, शून्यावर तिरकी रेघ असलेलं, पोलॅरिटीचं.

पोलॅरिटी आणि फेज हे शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात, पण गोष्टी दोन आहेत. पोलॅरिटी बदलणं म्हणजे लाट क्षणाचाही विलंब न करता उलटी करणं. स्नेअर ड्रमला वरून आणि खालून असे दोन माइक लावले, तर काठी पडताक्षणी वरचं कातडं वरच्या माइकपासून दूर जातं आणि खालचं कातडं खालच्या माइककडे येतं. दोन्ही सिग्नल एकमेकांच्या उलटे येतात आणि मिसळल्यावर ड्रमचं अंगच जातं. खालच्या माइकचं बटण दाबा, ड्रम भरून येतो. फेजचा संबंध वेळेशी आहे. आवाज २० अंश सेल्सिअसला सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर. एकाच वाद्याला लावलेल्या दोन माइकच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक असेल, तर दुसऱ्यात आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही सारख्या लेव्हलनं मिसळले की १,००० हर्ट्झला खड्डा पडतो, मग ३,०००, ५,००० असे खड्डे पडत जातात. हा कोम्ब फिल्टर. पोलॅरिटीच्या बटणानं खड्ड्यांच्या जागा बदलतात, खड्डे जात नाहीत. माइक सरकवावा लागतो, किंवा रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक पुढे-मागे करावा लागतो. म्हणूनच तीनास एकचा नियम: शेजारचा माइक, आपल्या माइकच्या आणि वाद्याच्या अंतराच्या किमान तिप्पट लांब ठेवा.

इक्वलायझरमध्ये शेल्फ एका टप्प्याच्या वरचं किंवा खालचं सगळं उचलतो-दाबतो. बेल एका जागेभोवतीचंच. पॅरामेट्रिकमध्ये फ्रिक्वेन्सी, वाढ-घट आणि रुंदी तिन्ही हातात असतात. हे नाव जॉर्ज मॅसनबर्ग यांच्या १९७२ च्या शोधनिबंधामुळे रूढ झालं. रुंदीच्या आकड्याला क्यू म्हणतात: क्यू मोठा, पट्टा अरुंद. शिट्टी कापायला मोठा क्यू, आवाजाचा रंग बदलायला लहान. ग्राफिकमध्ये पट्टे ठरलेले, बहुतेक ३१.

कॉम्प्रेसरचे शब्द एका उदाहरणातच कळतात. थ्रेशोल्ड −२० वर, रेशो ४:१. आत आलेला सिग्नल −१२, म्हणजे थ्रेशोल्डच्या ८ डीबी वर. चारास एक या हिशेबानं बाहेर फक्त २ डीबी वर जाऊ दिला जातो, म्हणजे −१८. कापले गेले ६ डीबी, तेच गेन रिडक्शन, तेच मीटरवर दिसतं. थ्रेशोल्डच्या खालच्या सिग्नलला कॉम्प्रेसर हात लावत नाही. अटॅक म्हणजे दाबायला किती वेळात सुरुवात, रिलीज म्हणजे सोडायला किती वेळ. तबल्यावर किंवा ड्रमवर अटॅक फार जलद ठेवला तर थापेची धारच जाते. मी तो १०-३० मिलिसेकंदांपासून सुरू करतो. मेकअप गेन एकूण आवाज परत वर आणतो, आणि त्याबरोबर खोलीचा आवाज आणि माइकमध्ये शिरलेली शेजारच्या वाद्यांची गळतीही वर येते. म्हणून लाइव्हमध्ये, विशेषतः मॉनिटरच्या वाटेवर, तो जपून द्यावा, नाहीतर शिट्टीला आमंत्रण. लिमिटर म्हणजे फार मोठ्या रेशोचा कॉम्प्रेसर. गेट उलटा: थ्रेशोल्डच्या खालचं बंद करतो.

ऑक्झिलरी सेंड, म्हणजे ऑक्स, ही मुख्य वाटेतून फुटणारी आडवाट. ती फेडरच्या आधी फुटली तर प्री, नंतर फुटली तर पोस्ट. मॉनिटरसाठी प्री लागतो. तुम्ही प्रेक्षकांसाठी बासरीचा फेडर खाली घेतला आणि ऑक्स पोस्ट असेल, तर बासरीवाल्याला आपली बासरी ऐकू येणं बंद होतं, तो जोरात फुंकू लागतो, तुम्ही फेडर आणखी खाली घेता, आणि दोघंही वैतागता. रिव्हर्बसाठी पोस्ट लागतो. तिथे प्री ठेवला आणि फेडर बंद केला, तर कोरडा आवाज जातो आणि रिव्हर्बचं भूत मागे राहतं. कोरडा म्हणजे ड्राय, परिणाम झालेला म्हणजे वेट.

बस म्हणजे अनेक चॅनल जिथे एकत्र होतात ती जागा. ग्रुपमधून खरोखर आवाज वाहतो, त्यामुळे सगळ्या कोरसवर एकच कॉम्प्रेसर लावता येतो. डीसीएमधून आवाज वाहत नाही, तो फक्त अनेक फेडरचा रिमोट असतो. डीसीए खाली घेतला की त्या चॅनलचे पोस्ट ऑक्सही खाली जातात आणि रिव्हर्बही बरोबर कमी होतो. ग्रुप खाली घेतला तर रिव्हर्ब तिथेच राहतो.

स्टेजकडे या. प्रेक्षकांसाठीचा मिक्स आणि तो करायची जागा म्हणजे फ्रंट ऑफ हाउस. कलाकारासाठी जमिनीवर तिरका ठेवलेला स्पीकर म्हणजे वेज. कानात घालतात ते इन-इअर. मॉनिटर हा शब्द स्टुडिओत मिक्सिंग ऐकायच्या स्पीकरलाही वापरतात, खरेदी करताना एवढं ध्यानात ठेवा. फीडबॅक म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून पुन्हा स्पीकरमधून, असं चक्र फिरत राहणं. ज्या फ्रिक्वेन्सीला ते चक्र वाढत जातं तिथे शिट्टी येते. त्याआधी जितका आवाज मिळतो तो गेन बिफोर फीडबॅक. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की त्यातले ३ डीबी जातात, म्हणून जो बोलत नाही त्याचा माइक बंद. आणि तोंड माइकपासून १० सेंटिमीटरवरून ५ वर आलं की सुमारे ६ डीबी फुकट मिळतात. इक्वलायझरनं एवढं मिळवायला गेलात तर आवाजाचा चोथा होतो. माझा क्रम ठरलेला आहे: आधी माइक जवळ, मग स्पीकरची जागा, मग माइकांची संख्या, आणि सर्वांत शेवटी इक्वलायझर.

स्पीकरवर वॉटचे तीन आकडे छापतात: सतत, प्रोग्राम, पीक. बहुतेक ठिकाणी प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट असतो. तुलना करताना सततचा आकडा घ्या, आणि त्याच्याइतकीच सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर किती डीबी. ९७ डीबीचा स्पीकर ९४ डीबीच्या स्पीकरइतका आवाज अर्ध्या पॉवरमध्ये देतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अँप्लिफायरला ४ ओहम दिसतात. तो तेवढ्याला चालतो का, हे आधी पाहा. पॅसिव्ह स्पीकरला गिटारची केबल लावू नका: आतली तार बारीक असते, तापते. ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये अँप्लिफायर आतच असतो, त्याला लाइन लेव्हल द्यायची. लांबच्या प्रेक्षकांसाठी ३४ मीटर पुढे आणखी स्पीकर लावले, तर त्यांना सुमारे १०० मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो, नाहीतर तिथल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

रेकॉर्डिंगमध्ये प्रीअँपनंतर कन्व्हर्टर येतो. सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला किती वेळा मोजणी. त्याच्या निम्म्यापर्यंतच्या फ्रिक्वेन्सी पकडता येतात. माणूस २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून सीडीला ४४,१०० पुरतात. व्हिडिओत ४८,००० रूढ आहेत. बिट डेप्थ म्हणजे प्रत्येक मोजणीचा बारकावा, प्रत्येक बिटला सुमारे ६ डीबी. १६ बिटला ९६ डीबी, २४ बिटला हिशेबानं १४४, प्रत्यक्ष कन्व्हर्टर त्याच्या बरेच खाली थांबतात. तरीही नॉइज फ्लोअर इतका खोल असतो की २४ बिटमध्ये −१८ वर रेकॉर्ड केल्यानं काहीही गमावत नाही. मीटर शून्याला टेकवण्याची धडपड कृपया सोडा. एवढं मात्र समजून घ्या, की सॉफ्टवेअरच्या आत फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे शून्याच्या वरचे आकडेही जपणारं, गणित असल्यामुळे ट्रॅक शून्याच्या वर गेला तर पुढे फेडर खाली घेऊन वाचतो. कन्व्हर्टरच्या दाराशी क्लिप झालेला आवाज वाचत नाही.

लेटन्सी म्हणजे माइकमध्ये शिरलेला आवाज हेडफोनमध्ये पोहोचेपर्यंतचा उशीर. त्यातला मोठा वाटा बफरचा. ४८,००० च्या रेटला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे १०.७, आणि आवाजाला आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा थांबावं लागतं. गाताना १० मिलिसेकंदांच्या पुढे बहुतेकांना टोचतं, गायकाला सर्वांत जास्त, कारण त्याला स्वतःचा आवाज हाडांमधून त्याच क्षणी ऐकू येत असतो. म्हणून रेकॉर्ड करताना बफर लहान, मिक्स करताना मोठा. संगणक दमला की टकटक ऐकू येते. तेव्हा बफर वाढवा आणि गायकाला इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग द्या. त्यात आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो, फक्त सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब त्यात ऐकू येत नाही.

राहिला फाइल बाहेर काढतानाचा शब्द, एलयूएफएस. पीक मीटर शिखर दाखवतो, पण कानाला किती मोठं वाटतं ते दाखवत नाही. एलयूएफएस ते मोजतं. युरोपीय प्रसारणाचा २०१० चा आर १२८ हा मापदंड −२३ एलयूएफएस मागतो. ऑनलाइन ऐकवणाऱ्या सेवा त्याहून मोठ्या पातळीला, आपापल्या आकड्यानं सगळी गाणी समान करतात, त्यामुळे लिमिटरनं चेचून मोठं केलेलं गाणं तिथे फक्त खाली ओढलं जातं आणि चेचलेलंच राहतं. त्याशेजारचं ट्रू पीक म्हणजे दोन सॅम्पलच्या मध्ये लाट प्रत्यक्षात कुठवर जाते ते. सॅम्पल पीक शून्याच्या खाली दिसत असूनही एमपी३ किंवा एएसी केल्यावर आवाज फाटतो, तो यामुळे. लिमिटरची कमाल −१ ठेवली की बहुतेक वेळा फाटत नाही.